फ्लाइट सिम्युलेटरसाठी घरचा कॉम्प्युटर अपग्रेड करताय? ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी हे वाचा

बीड जिल्ह्यात तालुके अकरा, पण प्रवासी विमानतळ एकही नाही. विमानाने कुठं जायचं असेल तर आधी रस्त्याने छत्रपती संभाजीनगर नाहीतर पुणे गाठायचं. फ्लाइट सिम्युलेटरमध्ये मात्र हे उलटं होतं. चिकलठाण्याच्या धावपट्टीवरून छोटं सेसना १७२ उचलायचं, तोंड दक्षिणेकडे आणि थोडं पूर्वेला ठेवायचं. उजव्या हाताला लांबवर पैठणचा नाथसागर दिसतो, खालून गोदावरी जाते आणि अर्ध्या-पाऊण तासात बिंदुसरेच्या काठचं बीड येतं. सरळ रेषेत हे अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. हा गेम घेतलेला जवळपास प्रत्येक जण पहिल्यांदा विमान नेतो ते स्वतःच्याच गावावर.

आणि नेमकं तिथंच चित्र अडकायला लागतं. मग कुणीतरी सांगतं, ग्राफिक्स कार्ड टाक, सगळं मख्खन चालेल. घरच्या कॉम्प्युटरवर दहा-पंधरा हजार खर्च करायची परवानगी बहुतेक घरांत एकदाच मिळते. कार्ड टाकूनही विमान अडकतच राहिलं, तर पुढची पाच वर्षं तो विषय घरात काढता येत नाही. म्हणून पैसे कुठं घालायचे ते आधी समजून घेऊ.

हा गेम वेगळा का आहे?

बंदुकीच्या किंवा गाड्यांच्या गेममध्ये एक ठरावीक मैदान असतं. ते दाखवण्याचं बहुतेक काम ग्राफिक्स कार्ड करतं. सिम्युलेटरमध्ये मैदान म्हणजे पृथ्वी. विमानाच्या पंखांवरचा हवेचा दाब, इंजिन, वारा, कॉकपिटमधली घड्याळं, आजूबाजूची विमानं, येणारी नवी जमीन हा सगळा हिशोब प्रोसेसरला एकाच वेळी करावा लागतो. त्यातला मोठा भाग प्रोसेसरच्या एकाच कोअरवर येतो. म्हणून टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर ३० टक्केच दिसतो आणि तरी गेम अडकतो. आठ जणांत एकटाच पोती उचलतोय आणि बाकीचे बघतायत, अशी ती सरासरी असते.

मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर १८ ऑगस्ट २०२० ला आला. तो फ्रान्सच्या असोबो स्टुडिओने बनवला. त्याची किमान मागणी होती इंटेल आय५-४४६०, ८ जीबी रॅम, जीटीएक्स ७७० आणि डिस्कवर १५० जीबी जागा. नीट चालायला कंपनीने आय५-८४०० आणि १६ जीबी रॅम सुचवली. १९ नोव्हेंबर २०२४ ला पुढची आवृत्ती आली. तिची किमान रॅमच १६ जीबी आहे आणि सुचवलेली ३२. आपल्याकडच्या बऱ्याच घरांतले कॉम्प्युटर २०२० च्या यादीत कसेबसे बसतात. त्यामुळे जुन्या मशीनवर २०२४ च्या मागे लागू नका. स्वतःचं गाव २०२० मध्येही दिसतं.

आधी दुखणं कुठं आहे ते बघा

याला एक फुकटची चाचणी आहे. एकाच जागी, एकाच हवामानात विमान उभं करा आणि एका सेकंदाला किती चित्रं म्हणजे किती फ्रेम मिळतात ते बघा. मग रिझोल्यूशन बरंच कमी करून पुन्हा बघा. फ्रेम चांगल्या वाढल्या, तर ग्राफिक्स कार्ड दमतंय. फ्रेम तेवढ्याच राहिल्या, तर कार्ड मोकळं बसलंय आणि दम प्रोसेसरला लागलाय. अशा वेळी नवं कार्ड घेणं म्हणजे बैल थकला म्हणून गाडीला रंग देणं.

दम प्रोसेसरला लागत असेल तर सेटिंगमध्ये जमिनीचा आणि इमारतींचा तपशील खाली आणा, विमानतळावरची गर्दी कमी करा. ढग, सावल्या आणि रिझोल्यूशन यांचा भार मुख्यतः कार्डावर असतो. या गेमला सेकंदाला ३० फ्रेम स्थिर मिळाल्या तरी पुरतात. साठचा हट्ट बंदुकीच्या गेममध्ये ठेवा.

ऑफिसातून आलेला सेकंडहँड कॉम्प्युटर

तालुक्याच्या ठिकाणी सर्रास मिळतं ते मशीन म्हणजे कंपन्यांनी टाकून दिलेला, साफ करून विकलेला डेल, एचपी किंवा लेनोव्होचा डेस्कटॉप. आत चौथ्या किंवा सहाव्या पिढीचा आय५ असतो. टायपिंग, ऑनलाइन फॉर्म, सिनेमे यांना उत्तम. अपग्रेडला मात्र अवघड, कारण डबा बारीक, पॉवर सप्लाय लहान आणि त्याचे कनेक्टर बऱ्याचदा कंपनीचे स्वतःचे. बाजारातला साधा पॉवर सप्लाय त्यात बसतोच असं नाही.

इथं एक आकडा लक्षात ठेवा : ७५ वॅट. मदरबोर्डचा स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त तेवढी वीज देतो. त्याहून जास्त वीज खाणाऱ्या कार्डाला वेगळी वायर लागते, आणि ती या मशीनमध्ये बहुधा नसते. वायरीशिवाय चालणाऱ्यांत ४ जीबी मेमरीचं जीटीएक्स १६५० आहे, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेलं ६ जीबीचं आरटीएक्स ३०५०, जे ७० वॅटचं आहे. डबा बारीक असेल तर कमी उंचीचं मॉडेलच मागा. ३०५० चं ८ जीबीचं मॉडेलही आहे, त्याला वेगळी वायर लागते. नाव एकच असल्याने इथं फसगत होते.

या जुन्या मशीनचा प्रोसेसर बदलून फार हाती लागत नाही. शिवाय विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि इंटेलच्या सहाव्या पिढीपर्यंतचे प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. चौथ्या पिढीवाल्यांनी तर डीडीआर३ रॅममध्ये पैसे घालूच नयेत, कारण ती पुढच्या मशीनला चालत नाही.

एएमडीचा एएम४ सॉकेटवाला बोर्ड घरात असेल, तर तुमचं नशीब बरं आहे. २०१७ पासूनच्या पहिल्या रायझनसाठी घेतलेल्या अनेक बोर्डांवर बायोस अपडेट करून रायझन ७ ५८००एक्स३डी चालतो. त्याच्यावर ९६ एमबी एल३ कॅश आहे, साध्या ५८००एक्सवर ३२ होती. कॅश म्हणजे प्रोसेसरचा हाताशी असलेला कोनाडा. सिम्युलेटर सारखा त्याच कोनाड्यात हात घालतो, म्हणून या गेममध्ये तो महागड्या प्रोसेसरांनाही भारी पडला. तो किंवा त्याचा धाकटा ५७००एक्स३डी कुठं मिळाला, तर कार्डाआधी तो घ्या.

रॅम आणि एसएसडी

८ जीबीची एकच पट्टी असेल, तर तिच्या जोडीला तशीच दुसरी टाका. रॅम १६ होते आणि दोन पट्ट्या एकत्र काम करून वेगही वाढतो. फक्त, २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव जगभर भडकले. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलली आणि झळ आपल्याला बसली. घेण्याआधी दोन-तीन ठिकाणी विचारा.

जुन्या हार्ड डिस्कवर गेम ठेवला असेल, तर एसएसडी घ्याच. हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १५० एमबी वाचते, साधी साटा एसएसडी ५०० च्या पुढे. फ्रेम फारशा वाढत नाहीत, पण गेम लवकर सुरू होतो आणि वळताना बसणारे झटके कमी होतात. लॅपटॉपवाल्यांना बहुधा याच दोन गोष्टी बदलता येतात.

इंटरनेट हाही कॉम्प्युटरचाच पार्ट

पृथ्वीचा २ पेटाबाइटहून जास्त डेटा मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर आहे आणि तो उडता उडता येतो. २०२० च्या आवृत्तीला किमान ५ एमबीपीएस लागतात, नीट चालायला २०. २०२४ च्या आवृत्तीला किमान १० आणि नीट चालायला ५०. मोबाइलच्या रोजच्या दीड जीबीवर हा खेळ होत नाही. घरी फायबर असेल तर २०२० मध्ये सेटिंगमधून आपला भाग आधीच साठवून ठेवता येतो. बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगावचं धरण एवढा पट्टा रात्री उतरवून घ्या, म्हणजे दिवसा नेट मंदावलं तरी जमीन धूसर होत नाही.

नेटचा भरवसाच नसेल तर एक्स-प्लेन १२ बघा. त्याची जमीन एकदा उतरवली की डिस्कवर राहते. खरे फोटो दिसत नाहीत, पण रस्ते ओपनस्ट्रीटमॅपवरून घेतलेले असतात. त्याचा डेमो फुकट आहे. फ्लाइटगिअर तर पूर्णच फुकट आहे, १९९७ पासून लोक मिळून तो बनवतायत. दिसायला साधा, पण जुन्या मशीनवर उडतो. खर्चाआधी आठवडाभर तोच चालवून बघा. कंटाळा आला, तर पैसे वाचले.

लाइट आणि ऊन

दीडशे जीबी उतरत असताना लाइट गेली की काय होतं ते सांगायला नको. साध्या ६०० व्हीएच्या यूपीएसवर ७५ वॅटच्या कार्डाचं मशीन नीट बंद करण्यापुरतं चालतं. घरी इन्व्हर्टर असेल तर मागचं बटण यूपीएस मोडवर आहे का बघा, साध्या मोडमध्ये वीज बदलताना कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, नव्या पार्टांना तोच खरा विमा.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. गरम झालेला प्रोसेसर स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो. डिसेंबरात चांगला चाललेला गेम मेमध्ये अडकत असेल, तर आधी ब्लोअरने धूळ काढा आणि थर्मल पेस्ट बदला. शे-दोनशे रुपयांच्या ट्यूबनेही काम भागतं.

शेवटी हातात थोडे पैसे उरले, तर जॉयस्टिक घ्या. लॉजिटेकच्या एक्स्ट्रीम ३डी प्रोसारख्या साध्या जॉयस्टिकची दांडी फिरवली की विमानाचं रडर वळतं. कीबोर्डवर उतरवलेलं विमान आणि जॉयस्टिकवर उतरवलेलं विमान यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. घरच्यांना पटवताना मात्र ‘पायलट व्हायला उपयोगी पडेल’ एवढंच सांगू नका. डीजीसीएच्या व्यावसायिक परवान्याला २०० तासांचं उड्डाण लागतं आणि घरच्या कॉम्प्युटरवरचा एकही तास त्यात धरत नाहीत.