आद्य मोटारगाड्या व घाटरस्ते

मुंबई–आग्रा रस्ता कसाऱ्याजवळ सह्याद्रीस भिडतो आणि थळ घाटाने सु. ३०० मी. चढून इगतपुरी व घोटी (नाशिक जिल्हा) या भाताच्या प्रदेशात येतो. इगतपुरी परिसरात वर्षाला सु. ३,००० मिमी. पाऊस पडतो. १८९८ च्या सुमारास मुंबईत मोटारगाड्या अवतरल्या, त्यापूर्वीच १८६५ मध्ये लोहमार्ग घाट चढून इगतपुरीस पोहोचला होता. रस्ते मात्र बैलगाडीच्या गतीचेच होते. आद्य मोटारींच्या बहुतेक अडचणी या विसंगतीतून उद्भवल्या.

चढाव हे पहिले संकट होय. १९०८ मध्ये निघालेल्या फोर्डच्या ‘टी’ मॉडेलची शक्ती २० अश्वशक्ती होती. तिच्यात पेट्रोल खेचणारा पंप नसे. बैठकीखालील टाकीतून पेट्रोल केवळ उतारानेच एंजिनाकडे वाही. टाकीत पेट्रोल कमी असता तीव्र चढावर ते तेथवर पोहोचत नसे, म्हणून गाडी उलटी फिरवून मागच्या मागे वर चढवीत. दीर्घ चढावर रेडिएटरमधील पाणीही उकळे. उतारावर ब्रेकची परीक्षा होई, कारण चारही चाकांना ब्रेक लावण्याची पद्धत १९२० नंतरच सार्वत्रिक झाली.

टायर फुटणे ही नित्याची बाब होती. नालांचे खिळे व धारदार खडी यांमुळे प्रवास वारंवार खंडित होई. वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी रस्त्यावर १९०४ च्या सुमारास जादा चाकाची युक्ती निघाली. ‘स्टेपनी’ हा मराठीत रुळलेला शब्द त्या रस्त्याच्या नावावरून आला.

रस्त्याचीही हानी होई. खडी व मुरूम पाणी मारून दाबलेल्या रस्त्यात बारीक भुगा खडीला धरून ठेवतो. बैलगाडीच्या लोखंडी धावेने चाकोऱ्या पडत. पण मोटारीचे वेगवान रबरी टायर तो भुगाच उडवीत व खडी सुटी करीत. १९०८ च्या पॅरिस येथील पहिल्या आंतरराष्ट्रीय रस्ते परिषदेत या धुळीच्या प्रश्नाचा ऊहापोह झाला. डांबरी पृष्ठ हा त्यावरील उपाय ठरला. परंतु तो खर्चिक होता.

हा खर्च कोणी सोसावा, याचे उत्तर भारतात मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये नेमलेल्या समितीने दिले. तिच्या शिफारशीनुसार पेट्रोलवरील जादा करातून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी उभारण्यात आला. मोटारीने केलेली झीज मोटारीच्याच इंधनातून भरून काढण्याचे तत्त्व अशा रीतीने रूढ झाले. २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी–आमणे टप्पा खुला झाला. त्यावरील सु. ८ किमी. लांबीच्या बोगद्यामुळे मोटारींना घाटाची वळणे टाळून सह्याद्री ओलांडता येतो.