मुंबई–अलिबाग: पाण्याची वाट आणि रस्त्याची

मुंबई आणि रायगडचा किनारा यांच्यामध्ये बंदराचे पाणी आहे. ते लाँचने ओलांडून अलिबागजवळच्या मांडव्याला तासाभरात पोचता येते. अलिबागला रस्त्याने जायचे तर पनवेल, पेण, वडखळ असा जवळपास शंभर किलोमीटरचा वळसा पडतो. जवळची वाट म्हणून लाँचच निवडावी, असे मात्र नाही. पावसाळ्यात गेटवे–मांडवा लाँच बंद असते.

संगणकांच्या जाळ्यात माहितीची वाट ठरवतानाही हाच पेच पडतो. 1988 मध्ये प्रमाण म्हणून लिहिला गेलेला ‘रिप’ हा वाट ठरवण्याचा नियमसंच फक्त टप्पे मोजतो आणि पंधरापलीकडचे ठिकाण पोचण्यापलीकडचे मानतो. पुढच्याच वर्षी मांडलेला ‘ओएसपीएफ’ प्रत्येक दुव्याचा खर्च धरतो आणि दुवा तुटल्याची खबर सर्वत्र पोचवून नवी वाट काढतो. लहान जाळ्याला रिप पुरतो. मोठ्या जाळ्यात ओएसपीएफ लवकर सावरतो. म्हणजे लांबीइतकेच महत्त्व बिघाडानंतर काय होते याला आहे, आणि रायगडच्या वाटाही त्याच कसोटीवर पाहाव्या लागतात.

आगबोटींच्या काळात रेवस आणि धरमतर ही किनाऱ्याची दारे होती. या वाटेची सर्वांत मोठी किंमत 17 जुलै 1947 रोजी मोजावी लागली. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट भर पावसात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्यांत गटारी अमावास्येला गावी निघालेले कितीतरी चाकरमानी होते. कोकणात ही आठवण अजून जिवंत आहे.

रायगडमधला रस्ताही निर्धोक नव्हता. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि त्यासोबत एसटीच्या दोन गाड्या. शेजारी दुसरा पूल होता, म्हणूनच तिथला महामार्ग दीर्घकाळ तुटला नाही. नवा पूल जून 2017 मध्ये खुला झाला.

मार्च 2020 पासून भाऊचा धक्का–मांडवा रो-रो बोट मोटारीही नेते. जानेवारी 2024 मध्ये खुल्या झालेल्या 21.8 किलोमीटरच्या अटल सेतूने शिवडी थेट न्हावाशेवाशी जोडली आणि वाशीचा वळसा वाचवला. पुढे अलिबागपर्यंतचा रस्ता मात्र जुनाच राहिला. मुख्यमंत्री बॅ. अंतुले यांच्या काळापासून बोलला जाणारा रेवस–करंजा पूल झाला, तर उरण आणि अलिबाग तालुके खाडीवरून थेट जोडले जातील.