दोन विद्यार्थी आणि एक प्रश्न

आंतरराष्ट्रीय फौजदारी कायद्याचा उच्च अभ्यास करणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याला दोन संज्ञा आरंभींच शिकाव्या लागतात. एक ‘मानवतेविरुद्ध गुन्हे’ आणि दुसरी ‘जिनोसाइड’, म्हणजे वंशसंहार. ग्रंथांतून त्या शेजारीं शेजारीं आढळतात. परंतु त्या कायद्यांत आणण्यासाठीं झटलेले दोघेही पुरुष एकाच विद्यापीठाचे विद्यार्थी होते, हें फार थोड्यांना ठाऊक असतें.

तें विद्यापीठ ल्वूव शहराचें. हें शहर पहिल्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रियाच्या साम्राज्यांत होतें, पुढें पोलंडकडे गेलें आणि आज तें युक्रेनमध्यें आहे. हर्श लाउटरपाख्ट तेथें १९१५ सालीं कायदा शिकूं लागला. १९१९ मध्यें तो व्हिएन्नास गेला, हान्स केल्सन यांच्याजवळ शिकला आणि डॉक्टर ही पदवी घेऊन १९२३ मध्यें लंडनला पुढील अभ्यासासाठीं पोचला. त्याच्या मागोमाग थोड्याच वर्षांनीं राफाएल लेमकिन ल्वूवला त्याच विभागांत दाखल झाला. दोघेही ज्यू होते.

१९२१ च्या मार्च महिन्यांत बर्लिनच्या रस्त्यावर एका आर्मेनियन तरुणानें तलात पाशावर गोळी झाडून त्यास ठार केलें. आर्मेनियन लोकांच्या कत्तलीस कारण झालेला तुर्कस्तानचा हा माजी वजीर होता. तरुणावर खटला झाला व ज्यूरीनें त्यास निर्दोष सोडलें. लेमकिननें अध्यापकांना विचारलें कीं, तलातलाच पकडून त्याच्यावर खटला कां भरला नाहीं? ही हकीकत त्यानें आपल्या आत्मचरित्रांत दिली आहे. अध्यापकांनीं दृष्टांत दिला तो कोंबड्यांचा. शेतकऱ्यानें आपल्या कोंबड्या मारल्या, तर तो त्याचा कारभार. शेजारी मध्यें पडला तर ती आगळीक होय. माणसें म्हणजे कोंबड्या नव्हेत, हें विद्यार्थ्याला कळत होतें. परंतु त्या काळचा कायदा अध्यापकांच्याच बाजूचा होता.

या प्रश्नाला दोघांनीं दोन उत्तरें शोधलीं. लाउटरपाख्टचें म्हणणें असें कीं, कायद्यानें रक्षण करावयाचें तें एकेका व्यक्तीचें. समूहावर भर दिला तर समूहासमूहांतील वैर वाढेल. लेमकिन म्हणे, माणसें मारलीं जातात तीं अमुक समूहाचीं म्हणूनच. मग कायद्यानें तें कां पाहूं नये? ग्रीक व लॅटिन शब्द जोडून त्यानें ‘जिनोसाइड’ हा शब्द घडविला व १९४४ च्या आपल्या ग्रंथांत तो छापला. १९४५ च्या उन्हाळ्यांत केंब्रिजला प्राध्यापक असलेल्या लाउटरपाख्टनें अमेरिकेचे मुख्य वकील रॉबर्ट जॅक्सन यांना ‘मानवतेविरुद्ध गुन्हे’ ही संज्ञा सुचविली.

२० नोव्हेंबर १९४५ रोजीं न्यूरेंबर्गचा खटला सुरू झाला. आरोपींत हान्स फ्रांक होता. हा स्वतः कायदेपंडित. आणि १९४१ पासून ल्वूव त्याच्याच अमलाखालीं होतें. त्या वर्षांत लाउटरपाख्टचे आईबाप, भाऊ व बहीण मारलीं गेलीं. लेमकिनचे आईबापांसह ४९ आप्त गेले. कायद्याचें ज्ञान फ्रांकजवळही होतें. तें कोणाच्या कामीं लावावें, येथेंच सारा फरक पडला.

१ ऑक्टोबर १९४६ च्या निकालांत फ्रांकला देहान्त शासन झालें. मानवतेविरुद्ध गुन्हे मान्य झाले. आरोपपत्रांत असलेला ‘जिनोसाइड’ हा शब्द मात्र निकालांत आला नाहीं. लेमकिन खचला, परंतु थांबला नाहीं. त्याच वर्षीं हिंदुस्थान, क्यूबा व पनामा यांनीं संयुक्त राष्ट्रांपुढें हा विषय मांडला, आणि ९ डिसेंबर १९४८ रोजीं पॅरिस येथें वंशसंहाराविरुद्धचा करार संमत झाला.

१९९८ च्या रोम येथील संविधींत सहावें कलम लेमकिनच्या गुन्ह्याचें व सातवें लाउटरपाख्टच्या गुन्ह्याचें आहे. त्यावर उभें राहिलेलें न्यायालय २००२ पासून हेग येथें आहे. अध्यापकांचें उत्तर त्या दिवशीं कायद्याला धरून होतें. विद्यार्थ्याचें समाधान झालें नाहीं, म्हणूनच पुढें कायदा बदलला.