परमुलखातलं गिऱ्हाईक

यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा या गावांतून हल्ली मोबाईलवर माल विकणारी माणसं भेटतात. कोणी गोधड्या विकतं, कोणी बंजारा भरतकामाच्या पिशव्या. गिऱ्हाईक कधी पुण्याचं असतं, तर कधी दुबईचं किंवा अमेरिकेचंही. त्यानं वस्तू हातात घेतलेली नसते, नुसतं चित्र पाहिलेलं असतं, आणि विकणाऱ्यानं गिऱ्हाइकाचं तोंडही पाहिलेलं नसतं. पार्सल निघालं की कटकटी सुरू होतात. वजन जास्त भरलं, कागद अपुरा पडला, कस्टमनं अडवलं, चित्रात होती तशी वस्तू नाही म्हणून माल परत आला. परतीचं भाडं कोणी भरायचं, हा वाद मग वेगळाच.

ही सगळी नव्या जमान्याची कटकट आहे असं आपल्याला वाटतं. पण जिल्ह्याचा इतिहास उघडून पाहा. न पाहिलेल्या गिऱ्हाइकाला, न पाहिलेल्या मुलखात माल धाडण्याचा धंदा आपण दोनशे वर्षं करीत आलो आहोत. तो माल म्हणजे कापूस.

आगगाडी नव्हती तेव्हाची गोष्ट आधी सांगतो. वऱ्हाडचा कापूस समुद्रापर्यंत न्यायचा तर जवळचा समुद्र मुंबईचा. पण घाट आडवे, रस्ते नाहीत आणि वाटेत चौक्याच चौक्या. म्हणून बराचसा कापूस उलट्या दिशेला जाई. बैलांच्या पाठीवर गोणी लादून तो नागपूर-कामठीवरून गंगेकाठच्या मिर्झापूरला पोचायचा आणि तिथून नावेनं कलकत्त्याला. अमरावती ते मिर्झापूर हे अंतर सुमारे ५०० मैलांचं. बैल रोज आठ-दहा मैल चालला असं धरलं तरी पन्नास-साठ दिवस झाले. १८४२ साली एका व्यापाऱ्यानं या वाटेनं एक लाख बैलांचा कापूस कलकत्त्याकडे पाठवला, अशी नोंद जुन्या गॅझेटियरात आहे. एक लाख बैल! गुरुजींनी वर्गात मुलांना हा आकडा नुसता डोळ्यांपुढे आणायला सांगावा.

अशी लांबची वाहतूक मुख्यतः बंजाऱ्यांच्या तांड्यांवर चाले. पुसद, दिग्रस, दारव्हा भागातल्या श्रोत्यांना हे मी सांगायला नको. या धंद्याला त्यांच्या बोलीत लदेणी म्हणतात. जाताना धान्य-कापूस न्यायचा आणि येताना मीठ आणायचं. माल कोणाचाही असो, वाटेत त्याची राखण करायची ती तांड्याच्या नायकानं. आजच्या कुरियर कंपनीचं काम तो नायक करी, फरक एवढाच की त्याच्याजवळ छापील पावती नसे. त्याचा शब्द हीच पावती.

मुंबईची वाट उघडली ती पारशी सावकारांनी. विकाजी आणि पेस्तनजी यांच्या पेढीनं १८२५-२६ साली वऱ्हाडातून मुंबईला कापूस पाठवला. माल होता ५०० बैलांचा, वजन १ लाख २० हजार पौंड. म्हणजे एका बैलावर २४० पौंड. सुरुवात लहानच म्हणायची, पण धंदा वाढला. मात्र हीच पेढी निजाम सरकारलाही कर्ज देई, आणि त्यापोटी वऱ्हाडचा वसूल तिच्याकडे लावून दिलेला होता. १८४५ च्या सुमाराला सरकारनं तो वसूल काढून घेतला आणि पेढी बुडाली. कापसाची वाट शोधणाऱ्याला कापसानं नव्हे, तर दरबारानं बुडवलं.

आता हद्दीचं बघू. १८५३ च्या तहानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आलं आणि पैनगंगा ही नदी एकाएकी सरहद्द झाली. उमरखेड अलीकडे, हदगाव पलीकडे. सोयरीक तीच, बाजार तोच, बोलीही तीच. पण पलीकडे निजामचं राज्य, त्याचं जकातीचं खातं निराळं. त्या खात्याला करोडगिरी म्हणत. माल आत आणा की बाहेर न्या, करोडगिरीच्या नाक्यावर थांबावं लागे. शेकडा पाच हा तिथला ठरलेला दर. शिवाय नाणं वेगळं. इकडे कलदार रुपया, तिकडे हाली सिक्का, आणि दोहोंचा भाव सारखा नाही. बैल विकला तर पैसे कोणत्या नाण्यात घ्यायचे, बट्टा कोणी सोसायचा, हे आधी ठरवावं लागे. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात आलं, त्यानंतर ही व्यवस्था टप्प्याटप्प्यानं मोडली. पैनगंगेच्या काठावरच्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात ते नाकं अजूनही येतं.

मोठी उलथापालथ झाली ती १८६१ नंतर. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेची बंदरं अडवली गेली आणि इंग्लंडात लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. भाव चढले. कधी नाही ते वऱ्हाडच्या कापसाला लिव्हरपूलचे व्यापारी शोधत आले. अमरावतीच्या नावावरून तिकडे वऱ्हाडच्या सगळ्याच कापसाला ‘उमरा’ म्हणत. तुमच्या आर्णीचा असो की घाटंजीचा, लिव्हरपुलात तो उमराच.

भाव चढला की माणसाची बुद्धी कशी फिरते पाहा. कापसात पाणी शिंपडलं जाऊ लागलं. सरकी, कचरा, माती मिसळली जाऊ लागली. चार महिन्यांचा समुद्रप्रवास करून गाठ तिकडे फुटली की आतून काय निघेल याचा नेम नाही. तक्रारी इतक्या झाल्या की १८६३ साली मुंबई सरकारला कापसाच्या भेसळीविरुद्ध खास कायदा करावा लागला. तपासनीस नेमले, शिक्षा ठरल्या. व्यापाऱ्यांना तो जाच वाटला आणि पुढे तो रद्द झाला. भेसळ काही कायद्याबरोबर गेली नाही.

पण भेसळ करीत कोण होतं? लिव्हरपुलात सरसकट म्हणत, हिंदी शेतकरी लबाड. मला हे अर्धवट वाटतं. कापूस शेतातून निघाला की खेड्यातला सावकार, मग अडत्या, मग रेचेवाला किंवा जीनवाला, मग वखारवाला, अशा चार-पाच हातांतून जाई. कोणत्या हातानं पाणी घातलं हे गाठीवर लिहिलेलं नसे. १९२५ साली जिनिंग-प्रेसिंगचा कायदा झाला आणि प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण व क्रमांक मारणं सक्तीचं झालं. भेसळीच्या पहिल्या कायद्यानंतर ६२ वर्षांनी गाठ कुठून आली हे सांगायची सोय झाली.

त्या वर्षांत आणखी एक गोष्ट घडली, आणि शेतकऱ्यांनी ती नीट ऐकावी. वऱ्हाडात ‘बनी’ नावाचा लांब धाग्याचा चांगला कापूस होई. त्याच्या जोडीला ‘जरी’ हा आखूड धाग्याचा. बनीची रुई चांगली, पण उतारा कमी. जरीचा उतारा जास्त. बाजारात दोन्ही एकत्र होत आणि गाठीत मिसळून जात. हजारो मैलांवरच्या गिऱ्हाइकाला आपल्याला बनी मिळेल याची खात्री नव्हती, म्हणून तो बनीचा दाम देईना. दाम मिळेना म्हणून शेतकरी बनी पेरीना. हळूहळू बनी मागे पडला आणि वऱ्हाड आखूड धाग्याचा मुलूख म्हणून ओळखला जाऊ लागला. जमीन तीच, पाऊस तोच. विश्वास नव्हता म्हणून वाण गेलं.

बातमीचंही असंच. १८६५ च्या एप्रिलात अमेरिकेतलं युद्ध संपत आलं आणि मुंबईत कापसाचे भाव कोसळले. कित्येक पेढ्या बसल्या. तोवर आगगाडी नागपूरला पोचलीही नव्हती, ती १८६७ साली पोचली. म्हणजे चढ्या भावाच्या आशेवर निघालेली बंडी वाटेत असतानाच तिच्यातला माल स्वस्त झालेला असे, आणि गाडीवानाला त्याचा पत्ता नसे. १८६९ साली सुएझचा कालवा उघडला, १८७० साली समुद्राखालची तार मुंबईला लागली. मग लिव्हरपूलचा भाव मुंबईच्या पेढीला त्याच दिवशी कळू लागला. शेतकऱ्याला मात्र तो अडत्याच्या तोंडूनच कळे, तेही अडत्याला सोयीचं असेल तेव्हा.

आपल्या जिल्ह्याला, त्या वेळच्या वणी जिल्ह्याला, आगगाडीही जरा लांबच पडली. यवतमाळचा कापूस २९ मैल बंडीनं धामणगावला जाई आणि तिथं गाडीत चढे. पुढे विसाव्या शतकात मूर्तिजापूर ते यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी झाली. तीच आपली शकुंतला. किलिक निक्सन कंपनीनं उभारलेली ही गाडी कापसासाठीच होती. पण तिचे रूळ अडीच फुटांचे आणि मुंबईच्या लाईनचे साडेपाच फुटांचे. म्हणून मूर्तिजापूरला प्रत्येक गाठ एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावी लागे. हमाली दोनदा, आणि पावसात भिजण्याची संधीही दोनदा. तिला ओढणारं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला तयार झालेलं होतं. कापूस मँचेस्टरला जायचा, इंजिन मँचेस्टरहून आलेलं. ते १९२३ पासून १९९४ पर्यंत राबलं. आता गाडीही बंद पडली आहे.

एवढ्या अडचणींचा खर्च कोण देत होतं? हिशेब असा असे. लिव्हरपूलचा भाव आधी धरायचा. त्यातून जहाजाचं भाडं वजा, विमा वजा, गाडीभाडं वजा, प्रेस वजा, दलाली वजा, आणि माल खराब निघालाच तर म्हणून थोडं अगोदरच वजा. राहील तो यवतमाळचा भाव. जुन्या व्यापाऱ्यांत जोखमी हुंडी म्हणून एक प्रकार असे. माल सुखरूप पोचला तरच ती वटायची. जोखीम कोणाची हे तिच्यावर चोख लिहिलेलं असे. शेतकऱ्याशी असा कागद कोणी केला नाही. त्याची जोखीम भावातच कापलेली असे. त्यावर वजनात कडता, धर्माव आणि रुमालाखाली बोटं दाबून ठरवलेला सौदा. याला थोडा आळा बसावा म्हणून १८८६ साली कारंज्याला सरकारी नियमांखाली कापसाचा बाजार सुरू झाला. देशातला तो पहिला. १८९७ साली वऱ्हाडसाठी बाजाराचा कायदा आला. पण बाजार समितीत वजन होतं ते व्यापाऱ्यांचंच.

जहाजाच्या भाड्याचाही एक किस्सा आहे. मुंबईहून जपानकडे जाणारा माल काही बड्या युरोपी जहाज कंपन्यांच्या मुठीत होता. १८९३ साली जमशेटजी टाटांनी जपानच्या निप्पॉन युसेन कैशा या कंपनीशी हातमिळवणी करून नवी जहाजं आणली. जुन्या कंपन्यांनी त्यांना हुसकण्यासाठी टनाचं भाडं १७ रुपयांवरून दीड रुपयापर्यंत खाली आणलं!  जपानी कंपनी टिकली, आणि आखूड धाग्याला जपान हे मोठं गिऱ्हाईक मिळालं.

मग त्या गिऱ्हाइकानंच दार लावलं. जून १९३३ मध्ये हिंदुस्थान सरकारनं जपानी कापडावरची जकात शेकडा ७५ पर्यंत चढवली. उत्तर म्हणून जपानच्या गिरण्यांनी हिंदी कापूस घेणंच बंद केलं. मंदीचे दिवस, भाव आधीच पडलेले. कापडाच्या भांडणात वऱ्हाडच्या शेतकऱ्याचं देणंघेणं काहीच नव्हतं. पण त्याचा कापूस घरात पडून राहायची पाळी आली. जानेवारी १९३४ मध्ये तडजोड झाली. जपाननं अमुक लाख गाठी कापूस घ्यायचा, तेव्हा त्याला अमुक वार कापड इथं विकता येईल. दिल्ली आणि टोकियो यांच्या बोलण्यावर दारव्ह्याचा हंगाम अवलंबून राहिला.

हे जुनं झालं म्हणावं, तर २०२५ चा ऑगस्ट आठवून पाहा. अमेरिकेनं हिंदी मालावरची जकात शेकडा ५० वर नेली आणि लहान पार्सलांना असलेली माफीही काढून घेतली. २५ ऑगस्टपासून आपल्या टपाल खात्याला अमेरिकेची बहुतेक पार्सलं घेणं थांबवावं लागलं. त्याच महिन्यात, १९ तारखेपासून, केंद्र सरकारनं परदेशी कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं, आणि ती सवलत पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. म्हणजे पिशवी विकणाऱ्या बाईचं दार बंद झालं आणि कापूस पिकवणाऱ्याच्या दारात बाहेरचा कापूस आला, तोही वेचणीच्या तोंडावर.

टपाल खात्यानं २०२२ पासून डाकघर निर्यात केंद्रं उघडली आहेत. परदेशी पार्सलाचे कस्टमचे कागद तिथंच होतात. त्यासाठी मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत. ही सोय खरी आहे आणि बचत गटांनी तिची चौकशी जरूर करावी. अमेरिकेची टपाल सेवा १५ ऑक्टोबर २०२५ ला पुन्हा सुरू झाली, तेव्हा पद्धत बदललेली होती. तिकडची जकात आता पाठवणाऱ्यानं इथंच, माल नोंदवताना भरायची. गिऱ्हाइकानं वस्तू ठेवून घेतली की परत केली, हे कळायच्या आधी.