स्तन राखणारी शस्त्रक्रिया आणि किरणोपचार : एक इतिहास

बाल्टिमोरच्या विल्यम हाल्स्टेड यांनी १८९४ मध्ये स्तनाच्या कर्करोगावरील आपल्या शस्त्रक्रियेचे अनुभव प्रसिद्ध केले. संपूर्ण स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतील लसिकाग्रंथी एकत्र काढायच्या. रोग शेजारून शेजारी पसरतो, तेव्हा जितके जास्त कापावे तितके बरे, हा त्यामागचा तर्क. तो इतका पटण्याजोगा होता की अनेक दशके त्याची नीट कसोटीच लागली नाही. त्याची किंमत स्त्रियांनी मोजली : खोलगट छाती, सुजलेला हात.

लंडनमध्ये जेफ्री केन्स (अर्थशास्त्रज्ञ केन्स यांचे धाकटे बंधू) १९२० च्या दशकातच स्तन राखून रेडियमच्या सुया वापरत होते. फार थोड्यांनी दखल घेतली.

खरी कसोटी १९७६ मध्ये अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांच्या चाचणीत सुरू झाली. त्यात चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट पाडले : पूर्ण स्तन काढणे, फक्त गाठ काढणे, गाठ काढून किरणोपचार देणे. वीस वर्षांनंतर तिन्ही गटांत जगण्याचे प्रमाण सारखेच निघाले. मात्र राखलेल्या स्तनात रोग परतण्याचे प्रमाण किरणांशिवाय ३९.२ टक्के, तर किरणांसह १४.३ टक्के होते. हे दोन आकडे लक्षात ठेवा. स्तन राखायचा तर किरणोपचार का लागतो, याचे उत्तर त्यांत आहे.

पण तो उपचार म्हणजे पाच आठवडे, २५ फेऱ्या. यंत्र दूरच्या शहरात असेल तर राहणार कुठे, मजुरी बुडवणार किती दिवस? अशा वेळी स्तन काढून टाकणेच सोपे वाटते.

म्हणून १९९८ मध्ये लंडनमध्ये शस्त्रक्रिया चालू असतानाच, गाठीच्या रिकाम्या जागेत क्ष-किरणांचा छोटा गोल स्रोत ठेवून पाहिला. रोग बहुधा मूळ जागेजवळच परततो, हा आधार. येथे किरणांची कमी ऊर्जा हाच गुण ठरतो : पृष्ठभागावर २० ग्रे मात्रा, एक सेंटिमीटर खोलीवर ५ ते ७. (एक किलो ऊतीने एक ज्यूल ऊर्जा शोषली की एक ग्रे.) त्यामुळे हृदय, फुप्फुस बरेचसे वाचते.

मिलानमध्ये इलेक्ट्रॉन वापरले. तेथे पाच वर्षांत रोग परतण्याचे प्रमाण ४.४ टक्के आले, नेहमीच्या किरणोपचारात ०.४. म्हणजे ही पद्धत सरसकट सर्वांसाठी नाही. रुग्ण निवडूनच ती द्यावी, असे मला या आकड्यांवरून वाटते.

दरम्यान, बाहेरून दिला जाणारा किरणोपचारही आखडत गेला. २०२० मध्ये ब्रिटनमधील चाचणीने दाखवले की एका आठवड्यात पाच फेऱ्यांत दिलेले २६ ग्रे, तीन आठवड्यांत दिलेल्या ४० ग्रेपेक्षा रोग रोखण्यात उणे पडत नाहीत. आता गावाहून आलेल्या बाईला सोमवार ते शुक्रवार एवढाच मुक्काम पुरू शकतो.