दलाल कोणाच्या बाजूचा?

घर घ्यायला निघालेल्या आपल्या पोराला दलाल पहिलं आडनाव विचारतो. मग जागा 'कालच गेली' असते. अमेरिकेतल्या काळ्या भावांनीही हे भोगलंय.

तिथल्या इस्टेट एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेने १९२४ साली नियमच लिहिला : ज्या वंशाच्या लोकांमुळे घरांचे भाव पडतील, त्यांना एजंटाने वस्तीत आणू नये. आपल्या बापजाद्यांना वेशीवर उभं केलं ते गावाच्या राखणीला. तिथे वेशीवर दलाल उभा राहिला, तो काळ्यांना बाहेर ठेवायला.

सेंट लुईस शहरात १९४५ साली शेली या काळ्या कुटुंबाने घर घेतलं. शेजाऱ्यांनी १९११ चा करार काढला : काळ्यांना इथे घर नाही. प्रकरण कोर्टात गेलं. तेव्हा जेम्स बुश हा काळा इस्टेट एजंट पुढे झाला. त्याने काळ्या एजंटांची संघटना बांधली, खटल्याला पैसा उभा केला. १९४८ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं : असले करार कोर्ट अमलात आणणार नाही. भेदाला बंदी करणारा घरांचा कायदा मात्र १९६८ साली झाला, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खुनानंतर सात दिवसांनी.

आपल्याकडे २०१६ च्या रेरा कायद्याने एजंटांची नोंदणी आणली. नंबर बघाच. पण दलाल कोणाच्या बाजूचा, हे नंबर सांगत नाही. आडनावावरून जागा लपवणाऱ्याला दलालीचा एक रुपया देऊ नका. मित्रांनो, आपली शिकलेली पोरं या धंद्यात उतरू द्या, आणि बुशसारखी संघटना बांधू द्या.