मालवणीत फक्त हसायचं?

मराठी रॅपचा इतिहास पुण्या-मुंबईपासून सांगतात. मला तो दशावतारापासून सुरू करावासा वाटतो. सिंधुदुर्गातल्या जत्रांत रात्रभर चालणाऱ्या या नाटकात संवाद लिहिलेले नसतात. कथा पुराणातली, साथीला हार्मोनियम आणि पखवाज, बाकी सगळं तिथल्या तिथे सुचलेलं. समोरच्या नटाने टाकलेला शब्द उचलून परतवायचा, आणि अडखळलात तर प्रेक्षक आहेतच. फ्रीस्टाइल याहून वेगळी काय असते?

१९८० साली 'वस्त्रहरण' आलं. गंगाराम गवाणकरांनी लिहिलं, मच्छिंद्र कांबळींनी गाजवलं, पाच हजारांवर प्रयोग झाले. मालवणी मुंबईच्या नाट्यगृहात पोचली, पण विनोदाची भाषा म्हणून. तो शिक्का अजून पुसलेला नाही. (शिव्या मात्र सगळ्यांना पाठ.)

म्हणून 'स्वदेसी'चं २०१९चं 'द वारली रिव्होल्ट' मी लूपवर ऐकतो. त्यात रॅपर्ससोबत आरेतले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर आहेत. जंगल जातंय याचा राग आहे, आणि भोईरांचा आवाज ऐकून कुणाला हसू येत नाही. क्रेटेक्स आणि श्रेयसचं २०२४चं 'तांबडी चामडी' अगदी दुसऱ्या टोकाचं. मराठी हाउस, निव्वळ नाचायला, आणि काढलं नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने. भारीच आहे ते.

पण मला मालवणीत असा अल्बम हवाय, ज्यात पर्ससीनवाल्यांनी समुद्र खरवडून नेल्यावर रिकामं जाळं ओढणारा रापणकार बोलेल. रापण ओढायला दोन्ही दोरांवर माणसं लागतात, सगळ्यांचा जोर एकदम लागावा लागतो. बीट तिथूनच घ्या.